पाण्यातही टिकणारं

ट्यूब नवऱ्याच्या बॅगेत, रुमालात गुंडाळलेली सापडली. सनस्क्रीन.

तिचा नवरा छापखान्याच्या तळघरात मुद्रितं तपासायचा. तिथे खिडकीसुद्धा नव्हती. तरी हल्ली त्याची मान रापत चालली होती.

तिने ट्यूब सासूबाईंपुढे धरली.

“क्रीमच आहे ना? विष तर नाही?” एवढंच बोलून सासूबाई गुडघा धरत आत गेल्या.

लेकाची बाजू घेणारच, तिने मनात म्हटलं, आणि तडक औषधांचं दुकान गाठलं.

“यावर काय काय लिहिलंय, जरा समजावून सांगा.”

“एसपीएफ पन्नास, म्हणजे कातडी भाजण्यापासून बचाव,” दुकानदारीण म्हणाली. “पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हवंच. काळवंडवणारे, सुरकुत्या पाडणारे किरणही त्याने अडतात. आणि हे ‘वॉटर रेझिस्टंट’. पाण्यात उतरणाऱ्यांसाठी. तरी तासाभराने पुन्हा चोपडावं लागतंच.”

“पाण्यात?”

“हो. उंच, चष्मेवाले गृहस्थ घेऊन गेले ना ही? किती चौकशा केल्या! ‘तिची त्वचा फार नाजूक आहे,’ म्हणाले.”

तिची! बायकोला या माणसाने आजवर साधी पावडर आणली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती छापखान्यासमोर दबा धरून उभी राहिली. नवरा बाहेर पडला तो थेट पोहण्याच्या तलावावर. तीही तिकीट काढून मागोमाग आत शिरली.

उथळ पाण्यात नवरा उलट्या पावली चालत होता. त्याचे दोन्ही हात धरून एक बाई पाय मारत होती. रबरी टोपी, काळा गॉगल, गळ्यापासून पोटरीपर्यंत अंगाला चिकटलेला पोशाख. गालांवर क्रीमचे पांढरे पट्टे. आणि हसत होती कशी, खळखळून!

“लाज नाही वाटत?” ती काठावरून कडाडली.

पोहणारे सगळे जागच्या जागी थांबले. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्याने त्या बाईचे हात काही सोडले नाहीत.

“आणखी घट्ट धरा!” तिचा आवाज फुटला. “बघू दे सगळ्यांना!”

“अगं, ओरडू नकोस. तो दचकून हात सोडेल आणि मी बुडेन,” बाई धापा टाकत म्हणाली. “आणि आता आलीच आहेस, तर तेवढा टॉवेल दे, सूनबाई.”