मास्तरची डबी

"मला विचाराल तर हा गडी बंद दालनात जातो. दुसरं काही नाही," गुहेचे व्यवस्थापक म्हणाले.

प्रयोगशाळेतून आलेल्या बाईंनी टेबलावर ठेवलेली काळी डबी पुन्हा एकदा उचलून पाहिली.

रेडॉन मोजायची डबी ती. जमिनीतून झिरपणारा हा वायू ना दिसतो, ना त्याला वास येतो. हवा कोंडली की तो साचतो, आणि वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला तर फुफ्फुसांचं मातेरं करतो. डबीला मात्र ना वीज लागते, ना काटा असतो. असेल तिथे नुसतं पडून राहायचं आणि आत शिरलेल्या वायूचे ओरखडे पोटातल्या फिल्मवर उठू द्यायचे, एवढंच तिचं काम. हंगाम संपला की बाई फिल्म धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ओरखडे मोजायच्या.

गुहा दाखवणाऱ्या प्रत्येक गाइडला कामावर असताना गळ्यात घालायला एकेक डबी दिली होती. बाकीच्यांच्या फिल्म जवळजवळ कोऱ्या निघाल्या, कारण गुहेत वारा चांगला खेळत होता. या एकाची तेवढी चाळणीसारखी झाली होती.

एवढा प्रवास पडला म्हणून बाईंनी वैतागायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना मजा येत होती. सगळे गाइड त्याच वाटेने आत जातात आणि त्याच वाटेने बाहेर येतात. मग याच्या एकट्याच्याच वाट्याला हे कसं आलं?

त्यातून डबीच्या खाचेत बसलेली पांढरी भुकटी. पिठासारखी मऊ.

"आमच्या वाटेवर सगळा लाल चिखल आहे," व्यवस्थापक म्हणाले. "पांढरी धूळ मिळते ती मागच्या बंद दालनात. तिथली हवा कोंडलेली, म्हणून तर कुलूप घातलंय. हा पर्यटकांना चोरून नेत असणार. सिद्ध होऊ दे, आजच घरी बसवतो."

"आधी बघू तर," बाई म्हणाल्या.

त्या गाइडला सगळे मास्तर म्हणायचे. हातातली बॅटरी तो छडीसारखी नाचवायचा आणि पर्यटकांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. माणूस तरणाबांड, पण डोळे तांबारलेले.

"झोपेचं खोबरं झालंय, मॅडम," गुहेच्या पायऱ्या उतरता उतरता तो म्हणाला. "नवं घर, नवी मुलगी. घर झकास आहे हं. डोंगराच्या पायथ्याशी, उबदार. पण मुलगी रात्रभर गाते."

"गाते?"

"तिच्या आईच्या मते गाते. शेजाऱ्यांच्या मते रडते."

बाई हसल्या. हसताना त्यांचं लक्ष त्याच्या बुटांकडे होतं. बुटांना लाल चिखल होता, पांढरं काही नव्हतं. बंद दालनापाशी त्या मुद्दाम थांबल्या. कुलूप गंजून दाराला चिकटलं होतं. उंबऱ्याशी साचलेला गाळ सायीसारखा सपाट होता, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. इथे कित्येक महिन्यांत कोणी आलेलं नाही हे उघड होतं. म्हणजे कोडं सुटायच्या ऐवजी आणखी अवघड झालं, आणि बाईंचा हुरूप वाढला.

"माझी नोकरी जाणार का, मॅडम?" मास्तरने एकदम विचारलं. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "मुलगी अजून नीट बसतही नाही हो."

बाईंना त्याची दया आली. "खरं काय ते कळलं, तर नाही जाणार," त्या म्हणाल्या. तसंच व्हावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

बाहेर आल्यावर त्या तिकीटघरात गेल्या. तिथल्या फळीवर हूक ठोकलेले होते. काम संपलं की प्रत्येकाने आपली डबी तिथे अडकवायची, असा नियम. बाकीचे हूक हात लागून लागून चकचकीत झाले होते. मास्तरच्या हुकात कोळ्याने बिऱ्हाड थाटलं होतं.

बाईंनी त्याला मागच्या बाकावर बोलावून घेतलं.

"मास्तर, डबी रोज इथेच अडकवत होता ना?"

"हो तर."

"मग कोळ्याची हरकत नव्हती?"

मास्तर ओशाळला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "साहेबांना सांगणार नाही ना?"

"आधी मला तर सांगा."

"मी पडलो धांदरट माणूस. पहिल्याच आठवड्यात माझ्या घराची किल्ली आतल्या खड्ड्यात पडली. म्हटलं, ही डबीपण हरवायची आणि साहेब माझं डोकं खायचे. म्हणून घरी नेऊन ठेवली. तुम्ही मागितलीत तेव्हा आणून दिली. एक दिवसही अंगावर घातली नाही, मॅडम. गुहेचं तोंडसुद्धा पाहिलं नाही तिने."

बाईंना हसू आवरेना. बंद दालन काय, चोरटे पर्यटक काय, सगळे हवेतले इमले. गुहा सुटली, आणि हा भला माणूसही सुटला. त्यांना अगदी हलकं वाटलं.

"धांदरट आहात खरे," त्या म्हणाल्या. "पण त्यापायी कोणी नोकरी घालवत नाही. साहेबांचं मी बघते."

मास्तरचा चेहरा उजळला. "नवी डबी द्या, रोज घालतो. शप्पथ. आणि ती जुनी तुम्हाला नको असेल तर मलाच द्या ना. घरी तिच्यावाचून फार अडलंय."

"त्या डबीवाचून?" बाईंचं हसू ओठांवरच थांबलं. "घरी कुठे ठेवली होती तुम्ही ती?"

"पाळण्यावर टांगली होती," मास्तर कौतुकाने म्हणाला. "अंघोळ झाली, पावडर लावली, खिडक्या घट्ट लावून घेतल्या, की मुलगी दिवसभर तिच्याकडे बघत तिथेच पडून असायची."