चहाचा अपमान

"ठराव साधा आहे," अध्यक्ष फोल्कर्ट उभं राहून म्हणाले. "त्या डच सर्व्हरशी आपल्या सर्व्हरचा संबंध आजपासून बंद. तिकडचं इकडे दिसणार नाही, इकडचं तिकडे नाही."

डच सीमेजवळच्या लेअर या जर्मन गावातल्या या संस्थेचे सभासद सातच. पण फोटो आणि गप्पा टाकायचा सर्व्हर स्वतःचा, कुण्या बड्या कंपनीचा मिंधेपणा नाही, आणि घटना चांगली चौदा पानांची. अपराधही तसाच गंभीर घडला होता. सीमेपलीकडच्या कुणा टवाळाने कोमट पाण्यात टी-बॅग बुडवून फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'जर्मन शेजाऱ्यांचा खास चहा'.

"वर चमच्याने ढवळला," फोल्कर्ट म्हणाले. खडीसाखरेवर ओतलेला, वर साय सोडलेला चहा या टेबलावर आजवर कुणी ढवळला नव्हता.

इतिवृत्त लिहिणाऱ्या इर्मगार्डबाईंचं पेन मात्र अडखळलं. त्याच डच सर्व्हरवर हिल्के नावाची बाई रोज आपल्या बेप शेळीचा फोटो टाकायची. इर्मगार्डबाई तिला फॉलो करायच्या. नवरा गेल्यापासून दोन वर्षं त्यांचा दिवस बेपचं तोंड बघून उजाडत होता. आता गाभण बेपचे दिवस भरले होते, आणि नेमकं आजच हे.

पण चहाच्या अब्रूपुढे शेळीचं नाव काढायचं तरी कसं?

"जरा दमानं घेतलं तर?" त्या पुटपुटल्या.

"बाई, आज टी-बॅग आहे. उद्या मायक्रोवेव्ह येईल."

"अगदी बरोबर," बाकीच्या पाचजणांनी री ओढली.

"मतदान गुप्त हवं. घटनेतच आहे तसं," इर्मगार्डबाई म्हणाल्या. तेवढंच हातात होतं.

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. त्यांनी हाताआड 'नाही' लिहिलं आणि आपण हरणार हे धरून घडी घातली.

फोल्कर्ट एकेक चिठ्ठी उघडून वाचू लागले. "नाही. नाही. नाही." आवाज उतरत गेला. सातही चिठ्ठ्यांवर 'नाही'. म्हणजे ठराव मांडणाऱ्याच्या चिठ्ठीवरसुद्धा.

कुणी कुणाकडे बघेना. जो तो आपल्या कपात डोकावत बसला.

"कालपासून तिचा फोटो नाही," शेवटी इर्मगार्डबाई भिंतीला सांगावं तसं म्हणाल्या.

"अहो, सभेच्या जरा आधीच आला," फोल्कर्ट खिशातून फोन काढत म्हणाले. "व्याली. तीन आहेत. एक काळं."

सहा खुर्च्या एकदम सरकल्या. सात डोकी फोनवर वाकली. आनंदाच्या भरात कुणीतरी चहा ढवळला. इतिवृत्तात त्याची नोंद नाही.