घासलेला स्पंज

दिवाळीची साफसफाई म्हणून सुलक्षणाबाईंनी अरवाना माशाच्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंजही साबणाने घासला. त्यात वाढलेले, पाणी निवळणारे जिवाणू मोरीत गेले. दुसऱ्या दिवशी पाणी विषारी होऊन हातभर लांबीचा मासा काचेवर डोकं आपटू लागला. माशाचं दुखणं मालकालाही भोगावं लागावं म्हणून सरकारने मालकांच्या मानेत चिप बसवली होती, त्यामुळे हेमंतराव भिंतीवर डोकं आपटू लागले.

"मारूनच टाकतो मेल्याला," म्हणत त्यांनी वरवंटा उचलला.

"अहो, त्याचं मरणही तुम्हालाच भोगावं लागेल."

त्यांनी वरवंटा आधी बायकोवर उगारला, मग टाकीवर घातला. फरशीवर मासा आणि हेमंतराव दोघंही रक्ताळून तडफडू लागले. सुलक्षणाबाईंनी माशाला उचलून पाण्याच्या बादलीत सोडलं. हेमंतरावांचा श्वास परतला आणि पहिली शिवी बाहेर पडली.

सुलक्षणाबाईंनी मासा पुन्हा वर उचलला.