तार काय म्हणते?

"तार काय म्हणते, भाऊजी?"

दरेकसा स्टेशनच्या तारघराच्या दारात अनुसयाबाईनं टोपली टेकवली. वर बांबूचे कोवळे वास्ते, खाली नवऱ्यासाठी भाताची पुरचुंडी.

"थांबा, वयनी." ईश्वरदासबाबूनं मान वाकवली. टेबलावर कडकट्ट, कडकट्ट चाललं होतं. बाबूचं बोट पितळी खुंटीवर, नजर भिंतीवर. नुकतेच नऊ वाजले होते.

चलेजावच्या धामधुमीत तिचा नवरा शालीकराम फरार झाला, त्याला सतरा दिवस झाले होते. गोंदियाचे पोलीस त्याच्या मागावर होते आणि त्यांच्या तारा रेल्वेच्या तारेवरूनच जायच्या. कुणाच्याही नावानं असल्या तरी वाटेतल्या प्रत्येक स्टेशनात वाजायच्या. इतरांना ती नुसती कटकट. बाबू मात्र हातात पेन्सिल घेऊन अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचा; खुंटीला बोट लावायचा ते फक्त स्वतः तार पाठवताना. तीनदा त्यानं वेळेवर कळवलं आणि तीनदा पोलीस हात हलवत परत गेले.

कळवणारच. बाबू आणि शालीकराम महापरसाद होते. लहानपणी देवापुढे नारळ फोडून मैत्री बांधलेले. या नात्यात एकमेकांचं नावसुद्धा घेत नाहीत. दगाफटका तर दूरच राहिला.

"बारा पोलीस," बाबू हळूच म्हणाला. "आताच गोंदियाहून तार आली. दुपारच्या गाडीनं येऊन राहिले. डोंगराले वेढा घालतीन. महापरसादले म्हणा, आत्ताच नाल्यानं खाली ये. बोगद्याजवळ मालगाडी हळू होते. मी त्याले गार्डाच्या डब्यात चढवतो."

"तुम्ही असान ना तेथं?"

"मी नाई तं कोण?"

निघताना तिला बाबूच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात दोन ट्रंका दिसल्या, दोरीनं आवळलेल्या.

"रुख्मावयनी कोठं निघाल्या?"

"माहेरी. तिले हे जंगल मानवत नाई ना."

खरंच होतं ते. गोंदियाला बदली मागून मागून बाबूही दोन वर्षांत थकला होता. अनुसयाबाईला त्याची कीव आली. स्वतःचं एवढं असताना हा माणूस आपल्यासाठी जीव धोक्यात घालतो!

ती धापा टाकत डोंगर चढली. कपारीत शालीकराम एकटाच होता. त्यानं निरोप ऐकला आणि पुरचुंडी न सोडताच उठला.

"जेवून तं घ्या."

"महापरसाद बोलावते, मंग जेवत काऊन बसू?" तो दोन पावलं जाऊन वळला. "मनिराम आला तं त्याले वरच थांबव. अन् बजाव, रूळ उखड म्हणावं, पण तारेले हात लावू नोको. थे आपले कान आहेत."

तो नाल्यात दिसेनासा झाला. अनुसयाबाईनं चूल विझवली, घोंगडीची घडी केली. सतरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या जिवाला बरं वाटत होतं. आता माणूस सुटला.

तासाभरानं मनिराम आला. शालीकरामचा साथीदार, अंगानं रेड्यासारखा, पण शालीकरामला टरकून असायचा. आजही तो आधी आत डोकावला.

"कोठं गेले? नाईत ना? बरं झालं. मले शिव्या घातल्या असत्या." त्यानं खांद्यावरचं पोतं खाली आपटलं. आतून तारेचं भेंडोळं बाहेर पडलं. "राहवलंच नाई, वयनी. टाकली तोडून."

"कोणती तार?"

"रेल्वेची. सालेकशाकडच्या तीन खांबांची. आता गोंदियाचा एक शब्द दरेकशाले यायचा नाई."

"कवा तोडली?"

"पहाटे. कोंबडा आरवला तवा."

खालून, बोगद्याच्या बाजूनं, पोलिसांची शिटी वाजली. मग दुसरी. मग कितीतरी.

अनुसयाबाईनं तुटकी तार हातात घेतली. नऊ वाजता तर तिनं तार आपल्या कानांनी वाजताना ऐकली होती. आणि बाबूच्या हातात पेन्सिल नव्हती. त्याचं बोट खुंटीवर होतं.