बंद गिझर

"बाय, यात काय बिघाड नाय," स्टुलावर चढलेला प्रल्हाद म्हणाला. "टाकी चांगली, वॉल्व चांगला. टिपूसभर पानी नाय गळत."

प्रल्हाद जूचंद्रचा. तीस वर्षं वसईभर लोकांचे नळ नि गिझर दुरुस्त करत फिरलेला माणूस. त्याने नाही म्हटलं की नाही, असं गिरीजमध्ये सगळेच मानत. पण लूर्डस बाथरूमच्या दारात उभी राहून मान हलवत राहिली.

"रोज टपकतो," ती म्हणाली. "पहाटे हे वाडीत गेले की थोड्या वेळाने सुरू होतं. सातनंतर बंद. एकदा उठून बघितलं मी. त्या खालच्या नळीतून थेंब पडत होते."

एकदाच बघितलं होतं. एरवी ती पडल्या पडल्या ऐकत राही. उठावंसंच वाटत नसे. नवऱ्याला, मार्सेलला सांगितलं तर तो म्हणे, "मला नाही ऐकू येत." आणि विषय संपे. मार्सेलपाशी विषय नेहमीच लवकर संपत.

त्यांचा मुलगा एरॉल घर सोडून गेला त्याला सात महिने झाले होते. वाडीत राबणार नाही, परदेशात नोकरी बघतो, एवढंच तो म्हणाला होता. मार्सेलने हातातली कोयती खाली ठेवली आणि सांगितलं, "जा. पण मग या उंबरठ्यावर पाय ठेवू नकोस." पोरगाही बापाचाच. त्याच दिवशी चंदनसारला मित्राच्या खोलीवर गेला. तेव्हापासून लूर्डसचं सगळं थंडावलं होतं. भात शिजत होता, चर्चमध्ये रविवारची मिस्सा होत होती, केळीचे घड बाजारात जात होते. तिला राग येत नव्हता नि रडूही येत नव्हतं.

आता एरॉलचा व्हिसा आला होता. गुरुवारी त्याचं विमान. "जाण्याआधी एकदा घरी येऊ का? पप्पांना विचार," असं त्याने फोनवर म्हटलं होतं. काल रात्री रोझरीची प्रार्थना झाल्यावर तिने विचारलं. मार्सेलने घरातल्या आल्तारवरची मेणबत्ती विझवली आणि झोपायला गेला. झालं, मिळालं उत्तर. लूर्डसने एरॉलचे कपडे नि कागद पिशवीत भरून ठेवले. प्रल्हाद गेला की फोन करून सांगायचं, येऊ नकोस, पिशवी स्टेशनवर आणून देते.

"तुमी गिझर कदी लावता?" प्रल्हादने विचारलं.

"लावतच नाही. आमची अंघोळ बंबाच्या पाण्याने. नारळाची सोडणं ढीगभर पडलीत जाळायला. हा एरॉलने बसवलेला. रात्रपाळी करून सकाळी सातला यायचा. मग बंब कोण पेटवत बसणार?" गिझर आला तेव्हा मार्सेलने घर डोक्यावर घेतलं होतं, बंबाचं पाणी काय चावतं का म्हणून. ते तिने सांगितलं नाही.

प्रल्हाद खाली उतरला. गिझरवरचा लाल दिवा कधीचाच गेला होता. मागच्या दाराजवळचं गिझरचं बटण त्याने खाली करून चालू केलं आणि तिने दिलेला चहा घेत स्टुलावर बसून राहिला. चहा संपला. आणखी थोडा वेळ गेला. मग आवाज आला.

टप.

"हाच!" लूर्डस म्हणाली.

"मंग हा बिघाड नाय, बाय. पानी तापला का फुगतं. टाकी भरलेली, जाईल कुठं? म्हनून हा वॉल्व जरा जरा भायेर सोडतो. त्याचं कामच ता. गिझर बंद असला तर टपकनार नाय." त्याने कप खाली ठेवला. "कोनीतरी रोज लावतंय."

"घरात आम्ही दोघंच. मी तर हात लावत..." लूर्डसची नजर मागच्या दाराजवळच्या बटणाकडे गेली.

पहाटे वाडीत जाणारा माणूस मागच्या दारानेच जात होता. सातला परतही त्याच दाराने येत होता.

"कोन वापरत नाय तर काढून टाकू?" प्रल्हादने पाना उचलला. "उगा कशाला भिंतीवर?"

"राहू दे."

आवाज मागच्या दारातून आला. तिथे मार्सेल उभा होता. पाय चिखलाने भरलेले, हातात केळफूल. त्याने लूर्डसकडे पाहिलं नाही, बटणाकडेही पाहिलं नाही. त्याचा हात मात्र सरळ बटणावर गेला आणि त्याने ते वर करून बंद केलं. केळफूल ओट्यावर ठेवून तो म्हणाला, "पाट सोडायचाय," आणि आला तसा वाडीत निघून गेला.

पाट तर सकाळीच सोडून झाला होता. लूर्डसला ते ठाऊक होतं.

प्रल्हाद हत्यारं आवरू लागला. तिला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. आलं नाही. पण सात महिन्यांत पहिल्यांदाच तिला कसलीतरी घाई झाली. तिथेच उभ्या उभ्या तिने फोन लावला.

"ये घरी," एरॉलने फोन उचलताच ती म्हणाली. "उद्याच ये. सकाळीच."

पलीकडून एरॉलने दबकत विचारलं, "पप्पांनी बोलावलंय?"

"रोज बोलावतात रे," लूर्डस म्हणाली. "मलाच तो बिघाड वाटत होता."