ठमीची झोप

"चपला बाहेर काढ," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

तो आत आला, पण चपलांचा प्रश्नच नव्हता. त्याचे पाय फरशीच्या वीतभर वर होते. शर्टाची एक बाही जळून गेली होती आणि उघड्या हाताच्या कातडीखाली बारीक बारीक चांदण्या फिरत होत्या. सकाळी प्रयोगशाळेत काहीतरी फुटलं, सगळे बाहेर पळाले आणि हा एकटा आत गेला, एवढंच तिला फोनवर कळलं होतं. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आणि आता हा समोर उभा. म्हणजे, उभा तरी कसं म्हणायचं!

"कॉमिकमधले ते माथेफिरू शास्त्रज्ञ असतात ना, अगदी तसा दिसतोयस."

"ते माथेफिरू नसतात गं. त्यांचं कुणी ऐकून घेत नाही, एवढंच."

तिला हसू फुटलं. जिवंत आहे, बोलतोय, नेहमीसारखा आपलंच खरं करतोय. आणखी काय हवं?

तेवढ्यात समोरच्या इमारतीत ड्रिल सुरू झालं. पाळण्यात ठमीने दोन्ही हात झटकले, ओठ काढले. जन्मल्यापासून या पोरीला सलग झोप ठाऊक नव्हती, आणि तिच्यापायी आईलाही.

"एवढं ते ड्रिल बंद करता येतं का बघ," ती अर्धवट थट्टेने म्हणाली.

त्याने एक बोट उचललं. आवाज गेला. तिने खिडकीतून डोकावून पाहिलं. कामगार भिंतीला ड्रिल लावून होता, धूळ उडत होती, माणूस नखशिखान्त थरथरत होता. मग त्याने ड्रिल काढून हलवलं आणि कानाशी नेऊन पाहिलं. ठमीचे हात सैल पडले.

"अय्या!"

"अजून काय?" त्याने विचारलं.

"खालचा कुत्रा." मग वरच्या मजल्यावर रोज ओढली जाणारी खुर्ची. मग मोटारसायकल. तिला हावच सुटली. एकेक आवाज ती दाखवत गेली, एकेक तो पुसत गेला. तिचे खांदे खाली आले. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि कित्येक महिन्यांनी तिला स्वतःचा श्वास ऐकू आला.

फोन वाजला. अर्धी रिंग होते न होते तोच गप्प झाला.

"अरे, आई असतील. त्यांच्या जिवाला घोर लागलाय. उचल तरी."

"नंतर."

फोनचा पडदा उजळत, विझत राहिला. तो आता खोलीभर फिरत होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अधांतरी.

"अजून आहे. पुष्कळ आहे. पुलावरच्या गाड्या आहेत, वारा आहे. ताऱ्यांचासुद्धा आवाज असतो, सारखी भणभण. तुला नाही ऐकू येत. तीच झोपू देत नाही तिला."

"तिचं पोट दुखतं, म्हणून झोपत नाही ती," ती म्हणाली. "तू आधी खाली ये बघू. पाणी पी घोटभर."

तो खाली आला नाही. खिडकीशी जाऊन त्याने दोन्ही हात उचलले.

रस्ता मुका झाला. शाळा नुकतीच सुटली होती. पलीकडच्या फुटपाथवर एक बाई जिवाच्या आकांताने मुलाला हाक मारत होती, तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. मुलगा रमतगमत रस्त्यात उतरला. बस त्याच्या अंगावर आली, ड्रायव्हरचा तळहात हॉर्नवर दाबलेला. अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक लागले. मुलगा दचकून बसला, दप्तर उलटं झालं.

"पुरे! पुरे झालं आता, ऐक..."

पुढचे शब्द तिच्या तोंडून निघाले, पण तिलाच ऐकू आले नाहीत.

त्याने वळून ओठांवर बोट ठेवलं होतं. रागाने नाही. ठमीच्या अंगावर पांघरूण सारखं करताना त्याचा चेहरा असायचा, तसाच होता.

"शूऽ. उठेल ती."

आता सगळीकडे मिळून तेवढा एकच आवाज उरला होता. तो पुन्हा खिडकीकडे वळला. "बघ, कशी गाढ झोपलीय," तो पाठमोराच म्हणाला.

ती पाळण्याकडे वळली. ठमी जागी होती. लालबुंद, मुठी आवळलेल्या, तोंड उघडलेलं, आतली जीभ थरथरत होती. केव्हापासून रडत होती कोण जाणे.

तिने पोरीला उचललं, छातीशी आवळलं आणि दार उघडलं. दार वाजलं नाही. जिना वाजला नाही. त्याला मागे वळून पाहायचं काही कारणच उरलं नव्हतं. मुलाला कवटाळून बसलेल्या त्या बाईच्या बाजूने, ड्रिल हातात घेऊन खाली आलेल्या कामगाराच्या समोरून ती अनवाणी चालत सुटली. पूल गेला, बाजार गेला.

आणि एका वळणावर ठमीचं रडणं एकाएकी फुटलं. खणखणीत, कानठळ्या बसवणारं.

बसथांब्यावरच्या म्हाताऱ्याने कानात बोट घातलं. "अहो बाई, गप्प करा की त्या पोरीला!"

"नाही," ती म्हणाली. तिचाही आवाज परत आला होता. "रड गं माझे आई. रड."

मागे कोपऱ्यावर किल्ल्या बनवणाऱ्याचं यंत्र खरखरत होतं, ते खरखरेनासं झालं. मग त्याच्या शेजारचा रेडिओ. म्हातारा अजून काहीतरी बोलत होता. त्याचे नुसते ओठ हलले.

ती पळत सुटली, आणि पळता पळता पोरीला सांगत राहिली, "जोरात, ठमे, अजून जोरात."