आजोबांची पहिली बायको

कुलवृत्तांत उद्या छापायला जाणार होता. थकलेले डोळे चोळत मृदुलाने आत्याला शेवटचं विचारलं, "आजोबांची पहिली बायको, यमुना, कशाने गेली?"

"पहिली कुठली? यमू म्हणजे माझीच आई. लग्नात तिचं नाव लक्ष्मी ठेवलं." आत्या हसली. "प्रयोगशाळेत सगळं दोनदा तपासायचीस ना गं? मग आईला सवत आणण्याआधी मला विचारायचंस."

मृदुलाने मसुदा पुढे ओढला. लग्नपत्रिकेत यमुना, घरात लक्ष्मी, म्हणून तिने दोन बायका धरल्या होत्या. पहिली निपुत्रिक वारल्याचंही निव्वळ अंदाजाने लिहिलं होतं. तिने ती ओळ खोडली.

"आजीला यमू कोण म्हणायचं?"

"माहेरचे."

"माहेरी जायची ती?"

आत्याचं हसू मावळलं. "तिला जाऊ कोण देत होतं?"